वाशी कुठली?

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी

मराठी विभागाला कविता भरपूर आल्यात, लेख कमी पडतायत, असं आमच्या संपादिकाबाई मेसमध्ये माझ्या ताटासमोर उभ्या राहून म्हणाल्या. (बाई आमच्याच वर्गातल्या. पण अंक निघेपर्यंत तिला बाईच म्हणावं लागतं.) "तुझ्या त्या पर्लवर लिही काहीतरी. पण मराठीत." आता माझं शिक्षण नाशिकला कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, मराठी आमच्याकडे थर्ड लँग्वेज. तेव्हा या लेखात ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, वाक्यं घसरणार, हे आधीच कबूल करतो. प्रूफं तपासणाऱ्याला एकच विनंती. चूक दिसली तर कुठे चुकलं आणि बरोबर काय ते समासात लिहा. नुसतं 'अशुद्ध' असा शेरा मारून कागद परत करू नका.

कारण माझा विषयच तो आहे. फॉर्म भरणाऱ्याला त्याची चूक कशी सांगावी, हा.

आपल्या हॉस्टेलच्या प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म सगळ्यांनी भरलेला आहे. तो पर्ल भाषेत लिहिलेला आहे हे फार जणांना माहीत नसेल. कुणा जुन्या सीनियरने लिहिला आणि डिपार्टमेंटच्या कोपऱ्यातल्या सर्व्हरवर तो वर्षानुवर्षं चालू राहिला. मी सेकंड इयरला आलो तेव्हा त्या सर्व्हरवर नवीन पर्ल टाकलं गेलं आणि फॉर्म बंद पडला. कारण साधं होतं. वेब फॉर्मची माहिती वाचायला पर्लवाले जे मॉड्यूल वापरायचे, लिंकन स्टाइन या जीवशास्त्रातल्या माणसाने लिहिलेलं सीजीआय-डॉट-पीएम, ते २०१५ साली ५.२२ आवृत्तीपासून पर्लसोबत येणं बंद झालं. ते आता वेगळं आणून बसवावं लागतं. सर म्हणाले, "बघ रे जरा." मी दहा मिनिटांत मॉड्यूल बसवलं, फॉर्म सुरू झाला. तिथेच थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण हात शिवशिवत होते. जुना फॉर्म इंग्रजीत होता, नाव-पत्ता ए टू झेडमध्येच घ्यायचा. मला वाटलं, आपण हा मराठी करू. गावाकडून येणाऱ्या मुलांच्या घरच्यांना सोपं जाईल. (कॉन्व्हेंटच्या मुलाला मराठीचं भरतं आलं की ते असं येतं.) शिवाय तपासण्या कडक करू. ऑफिसमधून तक्रार होती की मुलं पत्ते वाटेल तसे भरतात, पत्रं परत येतात. म्हणून मी कुठूनतरी गावांची आणि पिनकोडची एक यादी मिळवली, तिचं छोट्या प्रोग्रॅमने मराठीकरण केलं आणि फॉर्मला शिकवलं : गावाचं नाव घे, यादीत शोध, पिनकोड जुळतो का बघ. नाही जुळला तर लाल अक्षरांत सांग, 'पिनकोड अवैध'.

ते चाललं. मला सरांनी शाबासकी दिली. मी रिझ्युमेत एक ओळ वाढवली.

आता पुढची गोष्ट. रेक्टर सर हा अंक वाचतात, म्हणून आधी सांगतो की गोष्ट गेल्या वर्षीची आहे आणि सगळं नियमित झालेलं आहे. गेल्या वर्षी आमच्या रूमवर एक पॅरासाइट होता. (बाहेरच्या वाचकांसाठी : ज्याला हॉस्टेल मिळालं नाही आणि जो मित्राच्या रूमवर गादी टाकून राहतो, तो.) फर्स्ट इयरचा मुलगा, अबोल, पहाटे पाचला उठून आंघोळ करून बाहेर पडायचा म्हणजे वॉचमनला दिसू नये. रात्री दहानंतर परत. येताना गावाकडचा खवा आणलेला, त्यामुळे आमच्या विंगमध्ये तो पहिल्याच आठवड्यात लोकप्रिय झाला. गाव वाशी. सगळे हसायचे. वाशीचा माणूस हॉस्टेलला कशाला? लोकल पकड की, तासाभरात घरी!

तो दरवेळी तेच सांगायचा, "ती वाशी न्हाई दादा. आमची वाशी धाराशिवची."

म्हणजे धाराशिव जिल्ह्यातला वाशी तालुका. भूम, कळंब शेजारी, पलीकडे बीड जिल्हा. खव्याच्या भट्ट्यांचा मुलूख. इथून रात्रीच्या एसटीत बसलं तर सकाळी पोचतो. नवी मुंबईच्या वाशीचं इंग्रजी स्पेलिंग 'व्ही'ने करतात, या वाशीचं बहुतेक सरकारी कागदांवर 'डब्ल्यू'ने. मराठीत दोन्ही वाशीच.

एका रात्री मी त्याला सहज विचारलं की तू इतक्या लांबचा, तुला रूम कशी नाही मिळाली. तो म्हणाला, "काय सांगू दादा, फॉर्मच घेईना." मग त्याने सगळं सांगितलं. वडिलांबरोबर वाशीतल्या एका सेवा केंद्रात बसून त्याने फॉर्म भरला. पिनकोड टाकला तो बरोबर, ४१३ ने सुरू होणारा. फॉर्म म्हणाला, पिनकोड अवैध. आणि सगळं भरलेलं पुसून टाकलं. पुन्हा पहिल्यापासून नाव, पत्ता, वडिलांचं उत्पन्न, सीईटीचे मार्क. पुन्हा अवैध. तिसऱ्यांदा वडील म्हणाले, बाबा, काही बेकायदेशीर तर होत नाही ना आपल्या हातून? कारण 'अवैध' हा शब्द त्यांनी वाचलेला तो पेपरात. अवैध दारू, अवैध वाळू उपसा. मग केंद्रातल्या पोराने इंटरनेटवर 'वाशी पिनकोड' शोधलं, वर आला ४००७०३. तो म्हणाला, "जे घेतंय ते घाल." घातलं. फॉर्म म्हणाला, धन्यवाद.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. ज्यांचं घर मुंबई, ठाणे, नवी मुंबईत त्यांना आपलं हॉस्टेल नाही, आणि ते ठरतं पिनकोडवरून. चारशेने सुरू झाला की स्थानिक. त्याचं नाव 'अपात्र' यादीत लागलं.

सगळे हसले. मीही हसलो. आणि हसता हसता पोटात गोळा आला, कारण तो फॉर्म कुणाचा होता ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

रात्री दोन वाजता मी कोड उघडला. पर्लमध्ये हॅश नावाची एक सोय असते, नावासमोर किंमत ठेवायची. तिची खासियत अशी की एकच नाव दोनदा आलं तर दुसरी किंमत पहिलीला पुसून टाकते, आणि पर्ल तोंडातून शब्द काढत नाही. माझ्या यादीत दोन्ही वाश्या होत्या. इंग्रजीत त्या वेगळ्या होत्या, मी मराठी केल्यावर एक झाल्या. खालच्या वाशीने वरच्या वाशीला पुसलं. तालुक्याचं आख्खं गाव माझ्या प्रोग्रॅममध्ये ठाणे जिल्ह्यात गेलं आणि मला पत्ता नाही. मराठीच्या प्रेमापोटी मी जे केलं त्यानेच मराठवाड्यातल्या मुलाचा घात झाला. असो.

मी त्याला हे दोन दिवस सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या दादा, मला वाटलं माझंच काही चुकलं." मला सगळ्यात जास्त लागलं ते हे वाक्य.

इथे थोडं तांत्रिक बोलतो, पण कंटाळू नका, मेकॅनिकलवाल्यांनाही कळेल. पर्लचा एक मोड आहे, टेंट मोड. तो चालू केला की बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट, म्हणजे फॉर्ममधलं नाव असो, पत्ता असो की फाइल असो, पर्ल ओवळी समजतं. त्या ओवळ्या मालाने फाइल लिहायला गेलात किंवा सिस्टिमला आज्ञा द्यायला गेलात तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो. सोवळं करायचा मुख्य मार्ग एकच : रेग्युलर एक्सप्रेशनचा साचा लावा आणि त्यात बसणारा भाग तेवढा उचलून घ्या. मला ही कल्पना फार आवडते. लॅरी वॉलने १९८७ मध्ये ही भाषा काढली तेव्हा वेब नव्हतंच, पण वेब आल्यावर हा संशयी स्वभाव नेमका कामाला आला. सर्व्हरने कुणावर विश्वास ठेवू नये हे शंभर टक्के खरं. ब्राउझरमध्ये केलेली तपासणी वापरणाऱ्याच्या सोयीसाठी असते, ती कुणीही बंद करू शकतो. खरी तपासणी सर्व्हरवरच.

पण ओवळा असतो तो डेटा. माणूस नाही. मी आणि माझ्यासारखे प्रोग्रॅमर इथे गल्लत करतो. डेटा साच्यात बसला नाही की आम्ही माणसाशी असं बोलतो जसं काही तो चोरून आत शिरत होता. 'इनव्हॅलिड'. 'अवैध'. 'अमान्य'. साचा आमचा, गल्लत आमची असू शकते, आणि दम त्याला.

आणि साचे किती चुकीचे असू शकतात ते ऐका. मराठी नावं घ्यायची म्हणून मी नावाच्या रकान्याला सांगितलं होतं, फक्त अक्षरं घे. युनिकोडमध्ये 'अक्षर' असा एक गट आहे, पर्लला तो माहीत असतो. पण काना, मात्रा, वेलांटी, उकार हे युनिकोडच्या हिशेबी अक्षर नाहीत, त्यांचा गट वेगळा, त्याला म्हणतात मार्क्स. त्यामुळे माझ्या तपासणीत 'वाशी' नापास. 'जगन' पास! आमच्या शाळेत मार्क्समुळे पास व्हायचे, इथे मार्क्समुळे नापास. हे मला टेस्टिंगमध्येच सापडलं, नशीब. लांबीचंही तसंच. 'वाशी' शब्दाची लांबी किती? वाचणारा म्हणेल दोन. युनिकोडची चिन्हं मोजली तर चार. यूटीएफ-८ मधले बाइट मोजले तर बारा. पर्लला आधी मजकूर डीकोड करायला सांगितलं नाही तर ते बाइट मोजतं, आणि 'नाव ३० अक्षरांपेक्षा मोठे नको' असं लिहिलेल्या रकान्यात मराठीची दहाच चिन्हं मावतात, काना-मात्रा धरून. 'धाराशिव' लिहिलं की त्यातली सात संपली. माणूस बिचारा बोटांवर अक्षरं मोजत बसतो.

आकड्यांची गंमत तर दिवाळीत कळली. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्याबरोबर वाशीला गेलो होतो. प्रायश्चित्त म्हणा, खवा म्हणा. त्याचे आजोबा पोस्टातून रिटायर झालेले, आयुष्यभर टपाल वाटलेलं. त्यांना मी माझा सुधारलेला फॉर्म लॅपटॉपवर दाखवला आणि म्हटलं, आजोबा, तुम्ही भरून बघा. त्यांनी मराठी कीबोर्ड घेऊन एकेक बटण शोधत पिनकोड भरला, देवनागरी आकड्यांत. फॉर्म म्हणाला : '० हा पिनकोड बरोबर नाही.' आजोबा चष्मा वर करून माझ्याकडे बघायला लागले. "शून्य कुठं घातलं मी?"

झालं असं की पर्लमध्ये आकडा ओळखायची खूण आहे बॅकस्लॅश-डी. युनिकोड मजकुरात ती देवनागरी आकड्यांनाही आकडाच समजते. त्यामुळे सहा आकडे आहेत का, ही तपासणी पास. पण पुढे तुलना करताना पर्लने त्या मजकुराची संख्या करायला घेतली, आणि तिथे मात्र त्याला फक्त इंग्रजी आकडे कळतात. उरलं शून्य. पुढच्या दाराने आत घेतलं आणि मागच्या दाराने हाकललं. उपाय दोन. २०१४ नंतरच्याच नाही, २०११ च्या ५.१४ पासूनच्या कुठल्याही पर्लमध्ये साच्याला एक छोटा 'ए' जोडला की बॅकस्लॅश-डी फक्त इंग्रजी आकडे धरतं. किंवा एका ओळीत देवनागरी आकड्यांचे इंग्रजी आकडे करून घ्यायचे आणि मग तपासायचं. पहिला उपाय केला असता तर आजोबांना 'आकडे इंग्रजीत भरा' असं सांगावं लागलं असतं. मी दुसरा केला. जे काम प्रोग्रॅम एका ओळीत करू शकतो ते माणसाला का सांगायचं?

मग आजोबांनी मला पिनकोड शिकवला. मी पिनकोडवर प्रोग्रॅम लिहिला होता, पण पिनकोड म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. पहिला आकडा देशाचा विभाग, दुसरा उपविभाग, तिसऱ्यापर्यंत आलं की टपाल वेगळं करायचा जिल्हा ठरतो, शेवटचे तीन पोस्टाचे. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली, आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी गृहस्थ, केंद्राच्या दळणवळण खात्यात मोठे अधिकारी आणि वर संस्कृतचे कवी. ती कशासाठी काढली? एकाच नावाची गावं देशभर, पत्ते वेगवेगळ्या भाषांत, हस्ताक्षरं अशी-तशी, त्यामुळे पत्रं भलतीकडे जायची. "वाशी म्हणून लिहिलं की कंची वाशी ते कळावं, त्यासाठीच तर नंबर है," आजोबा म्हणाले.

म्हणजे बघा. पिनकोड जन्माला आला तो दोन वाश्या वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून. आणि मी काय केलं, नावावरून पिनकोड तपासला. जे नक्की आहे ते, जे संदिग्ध आहे त्याच्या तराजूत तोललं. उलटं करायला हवं होतं. पिनकोड घ्यायचा, त्याच्याखालच्या गावांची यादी समोर ठेवायची आणि विचारायचं, यातलं तुमचं कुठलं?

सर मला म्हणतात, तपासणी सैल केली की कचरा भरतो. मान्य आहे, आणि मी तपासणी सैल करा म्हणतच नाही. काही साचे पक्के असतात. बँकेच्या आयएफएससी कोडमध्ये ११ खुणा, पहिली चार अक्षरं, पाचवं नेहमी शून्य. तिथे लोक इंग्रजी 'ओ' टाकतात. हे प्रोग्रॅमला दिसतं. मग 'इनव्हॅलिड आयएफएससी' असं का म्हणायचं? 'पाचव्या जागी ओ आहे, तिथे शून्य असतो' असं म्हणायला एक ओळ जास्त लागते. आधारचा १२ वा आकडा हा तपासणीचा असतो, व्हेरहूफ नावाच्या डच गणितज्ञाची १९६९ ची पद्धत. त्यामुळे एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर लगेच पकडता येतं. उत्तम सोय. पण ती पद्धत एवढंच सांगते की आकडा असा असू शकतो. तो याच माणसाचा आहे का, हे ती सांगत नाही. २०१७ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात ३४ हजार कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर झाली, अर्ज ऑनलाइन मागवले, आणि नंतर याद्या जुळवताना अनेक शेतकऱ्यांच्या नावापुढे एकच आधार क्रमांक असल्याच्या बातम्या पेपरात आल्या. तो क्रमांक साच्यात बसणारा असला तरी साच्याला हे कळणार नव्हतंच. मुद्दा एवढाच की साच्यात बसलं म्हणजे खरं, आणि नाही बसलं म्हणजे खोटं, असं नसतं. माझ्या फॉर्मने तर खऱ्याला अवैध म्हटलं आणि खोट्याला धन्यवाद.

मला वाटतं प्रत्येक तपासणी म्हणजे प्रोग्रॅमरचं जगाबद्दलचं एक मत असतं. पिनकोड असा असतो, नाव असं असतं, प्रत्येकाला आडनाव असतं, वडिलांचा मोबाइल असतो. (आमच्या विंगमध्ये दोघांना वडील नाहीत. त्या रकान्यापुढे लाल चांदणी आहे. मी काढली.) मत असायला हरकत नाही, पण ते मत समोरच्याला कळलं पाहिजे, म्हणजे त्याला ते खोडता येईल. 'वाशीचा पिनकोड ४००७०३ आहे असं आमच्या यादीत आहे, तुम्ही ४१३ चा भरलात' एवढं जरी माझा फॉर्म म्हणाला असता, तरी वडील तिथल्या तिथे म्हणाले असते, अहो ती वाशी वेगळी. तीस सेकंदांत प्रश्न मिटला असता. 'अवैध' या शब्दाला काय उत्तर द्यायचं?

मात्र फॉर्मने सगळंच बडबडावं असंही नाही. लॉगिनच्या पानाने 'हे नाव बरोबर, पासवर्ड चुकला' असं सांगू नये, चोराला निम्मं काम करून मिळतं. आणि प्रोग्रॅमच्या पोटातल्या गोष्टी बाहेर दाखवू नयेत. पर्लमध्ये एक सोय आहे, प्रोग्रॅम कोसळला की कारण थेट ब्राउझरमध्ये दिसतं, वर ठळक अक्षरांत 'सॉफ्टवेअर एरर'. कोड लिहिताना छान. मी ती चालू ठेवून विसरलो होतो. एका मुलीच्या आईला फॉर्मऐवजी माझ्या फाइलचा पत्ता आणि ओळ क्रमांक दिसला, त्यांनी तो वहीत उतरवून ऑफिसला फोन करून वाचून दाखवला. त्यांना वाटलं तो अर्ज क्रमांक आहे. आता तसं झालं की तपशील सर्व्हरच्या लॉगमध्ये जातो आणि बाहेर दिसतं : 'चूक आमची आहे, तुमची माहिती जपून ठेवली आहे, ऑफिसला हा क्रमांक सांगा.'

माहिती जपून ठेवण्यावरून आठवलं. जुना फॉर्म, त्या अनोळखी सीनियरचा, चूक झाली तरी भरलेलं पुसायचा नाही. सीजीआय-डॉट-पीएमने बनवलेले रकाने आपलं आधीचं उत्तर आपोआप धरून ठेवतात. मी पान 'सुंदर' करायला ते रकाने हाताने लिहिले आणि ही सोय घालवली. हाताने लिहिलंच तर भरलेला मजकूर परत छापताना तो एचटीएमएलसाठी सुरक्षित करून छापायला लागतो, नाहीतर कुणी रकान्यात कोड भरून पान नासवू शकतो. हे मला जमत नव्हतं म्हणून मी सगळं पुसलं. सोय माझी, शिक्षा वाशीला. आणि चुका एकेक करून सांगायच्या नाहीत, एकदम सांगायच्या, ज्या त्या रकान्याशेजारी. पर्लमध्ये पहिल्या चुकीला 'डाय' म्हणून मोकळं होणं सोपं. सगळ्या चुका गोळा करून एकदम दाखवायच्या तर त्यांची यादी ठेवायला लागते, पंधरा-वीस ओळी जास्त. डेटा-फॉर्मव्हॅलिडेटर नावाचं मॉड्यूल हे आयतं करतं, काय राहिलं आणि काय चुकलं याच्या वेगवेगळ्या याद्या देतं. मला ते नंतर सापडलं.

त्या मुलाचं काम शेवटी कसं झालं तेही सांगतो. आम्ही दोघं ऑफिसात गेलो. तिथल्या मॅडमनी एक छापील अर्ज काढून दिला. त्याने पत्त्यात 'वाशी' लिहिलं, आणि समासात, कंसात, 'ता. वाशी, जि. धाराशिव, नवी मुंबई नव्हे' असं लिहिलं. मॅडमनी वाचलं, म्हणाल्या, "अगं बाई, ही ती वाशी होय!" वेटिंग लिस्टवर नाव लागलं, दिवाळीनंतर एक मुलगा कॉलेज सोडून गेला, याला कॉट मिळाली. गादी उचलताना तो आमच्या रूमला थँक्यू म्हणाला, मला फार ओशाळल्यासारखं झालं.

कागदाला समास असतो हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. रकान्यात मावत नसेल ते माणूस शेजारी लिहितो, आणि पलीकडे कुणीतरी वाचणारा असतो. माझ्या फॉर्मला समास नव्हता. आता आहे. पिनकोड जुळला नाही तर यंदापासून फॉर्म सांगतो की आमच्या यादीत काय आहे, तुम्ही काय भरलंत, आणि खाली दोन बटणं देतो : 'माझं चुकलं, दुरुस्त करतो' आणि 'माझं बरोबर आहे'. दुसरं दाबलं की एक मोकळा चौकोन उघडतो, त्यात काय ते लिहायचं. फॉर्म पुढे जातो, अडत नाही, आणि लिहिलेलं रात्री माझ्याकडे येतं. जिल्ह्याच्या यादीत उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्येच झालं होतं, ते माझ्या फॉर्ममध्ये झालंय यंदा, आणि तेही अशाच एका चौकोनातून कुणीतरी झापल्यावर.

काल रात्री तिथे एक नवीन मजकूर आला. गाव पारगाव. तालुक्याचं नाव त्याने लिहिलंच नाहीये, नुसतं एवढंच : 'पारगाव किती आहेत म्हाईत हैत का? आधी तालुका विचारा की.' बरोबर आहे त्याचं. तालुका मी पिनकोडच्या नंतर विचारतो. जेवून आलो की बदलतो.